ओल्या हाताचं कपाट

घरातली बाकी सगळी कपाटं आपण कोरड्या हाताने उघडतो. बेसिनखालचं कपाट मात्र ओल्या हाताने, साबणाच्या हाताने, अर्धवट झोपेत, कधी एका डोळ्यात फेस गेलेला असताना उघडलं जातं, आणि त्यातही घाई असते, म्हणजे दार बोटांनी खेचायचं, आतला टॉवेल ओढून काढायचा आणि गुडघ्याने दार ढकलून द्यायचं. व्हॅनिटीला, म्हणजे याच बेसिनखालच्या कपाटाला, नवा रंग द्यायचा, हँडल-बिजागऱ्या बदलायच्या असं ज्यांच्या मनात आहे त्यांना मी एवढंच सांगेन की हा ओला हात सतत डोळ्यासमोर ठेवा. रंग कुठला, अस्तर (रंगाखालचा पहिला थर, प्रायमर) कसलं, मूठ घ्यायची का हँडल, किती दिवस थांबायचं, या सगळ्याची उत्तरं तिथून मिळतात. फोटोत कसं दिसेल ते नंतर बघू.

आमच्याकडची व्हॅनिटी दिसायला पार थकली होती पण अंगाने धडधाकट होती. दारं वाकलेली नव्हती, ड्रॉवर अडकत नव्हते, बेसिन नीट बसलेलं होतं. आणि अख्खी व्हॅनिटी बदलायची म्हटलं की नळाची जोडणी सोडवा, बेसिन उचला, मागच्या टाइल्सना धक्का लागला तर ते निस्तरा, अशी एकातून दुसरी कामं निघत जातात, त्यामुळे सांगाडा चांगला असेल तर तो ठेवावा आणि वरचं रूप बदलावं, या मताची मी आधीपासूनच आहे.

काम काढायच्या आधी मी फक्त बघत बसले होते, आणि त्या बघण्यातच अर्धं काम कळलं. मुठीच्या भोवती तळहाताएवढा एक काळपट डाग होता, बोटांच्या तेलाचा, क्रीमचा, वर्षानुवर्षं साठलेला. त्या डागाच्या आत नखांचे बारीक अर्धगोल ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला, कारण मूठ इतकी छोटी होती की ती धरताना नखं दारावर घासली जायचीच. खालच्या कडेला, जिथे पाणी ओघळून थांबतं, तिथे फुगवटा आला होता आणि रंगाचे पोपडे सुटले होते. बाकी सगळं दार जवळजवळ नव्यासारखं! म्हणजे हे कपाट झिजलं ते हातामुळे आणि पाण्यामुळे, आणि तेही ठरलेल्या दोनच जागी. नवा रंग दिला तरी हात आणि पाणी त्याच जागी येणार, मग जास्तीचं लक्ष तिथेच द्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

दुसरं बघायचं म्हणजे कपाट बनलंय कशाचं. समोरून बघून हे कळत नाही, सगळं एकसारखं गुळगुळीत दिसतं. टॉर्च घ्या आणि आत मागच्या फळीला पाइपसाठी जे भोक पाडलेलं असतं त्याची कड बघा. तिथे कुणी रंग लावायची तसदी घेत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथे दिसतं. थरावर थर दिसले तर प्लायवूड, पुठ्ठ्यासारखी एकसंध तपकिरी कड असेल तर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी), लाकडाच्या कपच्या चिकटवल्यासारख्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्डात या कपच्या गोंद घालून, गरम करून, दाबून बसवलेल्या असतात. पाणी आत गेलं की गोंद सुटतो आणि दाबलेल्या कपच्या पुन्हा फुलतात, आणि एकदा फुलल्या की वाळवून त्या परत बसत नाहीत. म्हणून फुगलेल्या जागेवर नुसता रंग मारणं म्हणजे सूज झाकणं. तिथे सैल झालेला भाग खरवडून काढायचा, पूर्ण वाळू द्यायचा, इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरायची आणि घासून सपाट करायची. फुगवटा फार पसरलेला असेल तर तेवढी फळी किंवा ते दारच नवीन करून घेतलेलं बरं.

आणि हो, व्हॅनिटी खूप जुनी असेल, वर रंगाचे अनेक थर चढलेले असतील तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. घरात लहान मूल असेल तर ही धूळ अजिबात उडवायची नाही, आधी टेस्ट किट आणून तपासा आणि शंका असेल तर जाणकाराकडून काढून घ्या.

आता धुणं. लोक ब्रश आणि रंगाच्या डब्यावर सगळा जीव लावतात आणि धुणं पाच मिनिटांत उरकतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुढे जे पोपडे निघतात ते बहुतेक इथूनच सुरू होतात. बाथरूममधली हवा स्वच्छ वाटते पण तिच्यात साबणाची वाफ असते, हेअर स्प्रे असतो, केसांचं सिरम असतं, कंडिशनर असतं. सिरम आणि कंडिशनरमध्ये सिलिकॉन असतं, आणि त्याचा एक न दिसणारा थेंबही दारावर राहिला तर रंग तिथून मागे सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात, वरून कितीही हात मारा, ते दिसत राहतात. तेव्हा दारं, ड्रॉवरचे दर्शनी भाग, सगळं उतरवायचं, गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा तेलकटपणा काढणारं एखादं क्लीनर घालून घासायचं, आणि मग साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यायचं कारण सोड्याचा थर राहिला तरी रंग धरत नाही. हातमोजे घाला, सोडा हाताला लागतो. फळी भिजवायची मात्र नाही, फडका पिळून घ्यायचा. धुतलेलं स्वच्छ झालं का हे बघायची सोपी युक्ती आहे: दारावर थोडं पाणी शिंपडा. पाणी सपाट पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर तेल अजून तिथेच आहे, पुन्हा धुवा. मुठीभोवतीचा तो काळपट डाग मी परत परत धुतला, बाकीचं दार पहिल्याच फेरीत निघालं होतं.

दारं उतरवताना प्रत्येक दाराला नंबर द्या. बिजागरीच्या वाटीत (बिजागरी बसवायला दाराच्या मागे केलेल्या गोल खड्ड्यात) मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर लिहायचं, तिथे रंग लागत नाही म्हणून नंबर शेवटपर्यंत राहतो. बिजागऱ्यासुद्धा त्याच नंबराच्या पिशवीत, स्क्रूसकट. सगळी दारं सारखीच दिसतात म्हणून कंटाळा करू नका, प्रत्येक दार आपापल्या जागेला थोडंथोडं सरावलेलं असतं.

आणि हँडल रंगाच्या आधी आणा. बहुतेक जण आधी रंग देतात आणि मग शांतपणे हँडल निवडतात, मला हा क्रमच उलटा वाटतो, कारण नव्या हँडलची भोकं जुन्या भोकांवर बसली नाहीत तर जुनी बुजवायची, घासायची, नवी पाडायची, आणि हे सगळं अस्तराच्या आधीच व्हायला हवं. दोन स्क्रूंच्या हँडलमध्ये मोजायचं ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हँडलची पूर्ण लांबी मोजून उपयोग नाही. हे अंतर बहुतेक वेळा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असतं. तिन्ही आकडे ३२ ने भागले जातात, कारण युरोपातल्या कारखान्यांनी कपाटांची भोकं ३२ मिलिमीटरच्या अंतराने पाडायची पद्धत रूढ केली आणि हँडलवाल्यांनीही तेच माप धरलं. जुनी व्हॅनिटी इंचाच्या हिशोबातली असेल तर घोळ होतो: चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, त्यावर ९६ चं हँडल बसणार नाही, आणि दुकानात डोळ्यांना दोन्ही सारखीच वाटतात. मोजूनच जा. किंवा मागे पट्टी असलेलं हँडल घ्या, त्या पट्टीखाली जुनी भोकं झाकली जातात.

मूठ का हँडल, यावर माझं मत एकदम ठाम आहे. बेसिनखालच्या दाराला हँडलच हवं, आणि ते सुद्धा असं की आत चार बोटं जातील. ओल्या हाताने गुळगुळीत गोल मूठ धरून बघा, ती निसटते, मग आपण नखांनी दाराची कड पकडतो आणि नवा रंग तिथून निघायला लागतो. चार बोटं हँडलच्या आत गेली आणि बोटं व दार यांच्यात जागा राहिली की हात रंगाला लागतच नाही. दुकानात हँडल नुसतं बघू नका, पकडून बघा, मागची कड बोटाला टोचते का बघा, टोकं बाहेर आलेली असतील तर टॉवेल आणि बाह्या त्यात अडकतात हेही बघा. ड्रॉवर छोटा असेल तर तिथे मूठ चालेल, पण तळाशी जरा निमुळती आणि पुढे रुंद असलेली, म्हणजे बोटांना मागे धरायला जागा मिळते.

धातूचं म्हणाल तर वरच्या मुलाम्यापेक्षा आत काय आहे त्याला जास्त महत्त्व. स्वस्तातली बरीच हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि वर क्रोमचा किंवा सोनेरी मुलामा असतो, तो एकदा चिरला की वाफेने आत पांढरी पूड धरते आणि फोड येतात. स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ३०४ ग्रेडचं मागा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि बाथरूमच्या दमटपणात ते टिकतं. मला स्वतःला पितळ आवडतं, लॅकर (वरचा पारदर्शक संरक्षक थर) न लावलेलं. ते काळवंडतं, पण जिथे हात रोज लागतो तिथे आपोआप उजळ राहतं, आणि दर काही दिवसांनी पुसायची तयारी असेल तर याच्याइतकी छान वस्तू बाथरूममध्ये दुसरी नाही. शिवाय तांबं आणि तांब्याचे मिश्रधातू जंतू मारतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणी केली, त्यात पितळही आलं. अट इतकीच की धातू उघडा हवा, वर लॅकरचा थर असेल तर हा गुण झाकला जातो. पितळ खरं आहे का नुसता मुलामा, हे ओळखायला लोहचुंबक न्या. पितळाला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आहे. जस्तालाही चिकटत नाही म्हणा, पण हँडल हातात घेतल्यावर वजनाचा अंदाज येतो आणि मागच्या स्क्रूच्या भोकात डोकावलं तर आतल्या धातूचा रंग दिसतो.

नवी भोकं पाडताना पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा करून घ्या आणि सगळ्या दारांना तोच लावा. जिथे भोक पाडायचं तिथे पुढून मास्किंग टेप आणि मागून लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरायचा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना मागचा पापुद्रा उडतो. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील, भोकात नुसतेच फिरत असतील तर भोकात लाकडाचा गोंद आणि काड्यापेटीच्या काड्या गुल काढून ठोकायच्या, वाळल्यावर सपाट कापायच्या आणि स्क्रू परत लावायचा, नव्यासारखी पकड येते.

घासण्याबद्दल फार लिहीत नाही. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने जुनी चकाकी मारायची, लॅमिनेट असेल तर २२० नेच हलकं घासायचं, वरचा कागद फाटता कामा नये. मास्क लावायचा, विशेषतः एमडीएफला, त्याची धूळ फारच बारीक असते. टोकदार कडा किंचित गोल करायच्या, कारण धारदार कडेवर रंग थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कडेवर सगळ्यात पातळ थर राहतो, आणि नेमकं तिथेच बोट लागतं.

अस्तर मात्र जपून निवडा. लाकूड असेल, त्यातही ओकसारखं, तर लाकडातलं टॅनिन (डाग पाडणारा नैसर्गिक घटक) पाण्याच्या अस्तरातून वर येतं आणि पांढऱ्या रंगावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात, दुसरा हात द्या, तिसरा द्या, ते परत येतात. यावर चांगला उपाय म्हणजे लाखेचं अस्तर. लाख म्हणजे तीच, लाखेच्या किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर सोडलेली, जिचा चपडा (पातळ पापुद्रे) करून स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतात. शेकडो वर्षं माणूस वापरत आलेला हा पदार्थ अजूनही डाग अडवण्यात बऱ्याच नव्या रसायनांना मागे टाकतो, आणि चकचकीत पृष्ठभागालाही छान धरतो. वास उग्र असतो, स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. लॅमिनेट किंवा एमडीएफ असेल तर पाण्यात मिसळणारं, चिवट पकडीचं बाँडिंग प्रायमर पुरतं. एमडीएफच्या कापलेल्या कडा स्पंजसारखं अस्तर पितात, त्यांना एक हात जास्तीचा द्या.

अस्तर पक्कं वाळल्यावर दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कटरने बारीक चौकड्या कापा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे जा. टेपला चिकटून आले तर धुणं किंवा घासणं कमी पडलंय. रंगाच्या प्रयोगशाळांमध्ये हीच चाचणी आयएसओ २४०९ या मानकाने करतात, घरी कटर आणि टेप पुरे होतं. मला ही चाचणी फार आवडते कारण त्यानंतर मनात धाकधूक राहत नाही.

रंग ऑइल पेंट घ्यायचा का पाण्याचा? ऑइल पेंट कडक होतो, सुंदर पसरतो, ब्रशच्या रेषा स्वतःच बुजवतो, पण पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो आणि गंमत म्हणजे उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळा पडतो, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये आणि दाराच्या आतल्या बाजूला तर हमखास. म्हणून मी पाण्याचं एनॅमल घेते, कपाटांसाठी आणि दारांसाठी म्हणून मिळतं ते, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस, म्हणजे मंद किंवा मध्यम चकाकीचं. भिंतीचा उरलेला इमल्शन चुकूनही नको, त्याला ओल्या हाताची सवय नाही. रंगाची छटा निवडायची तर नमुन्याचा पुठ्ठा रंगवून बेसिनशेजारी उभा करा आणि तिथलाच दिवा लावून बघा, दिव्याचा पिवळा उजेड आणि पांढरा उजेड यात तीच छटा दोन वेगवेगळ्या रंगांसारखी दिसते. खूप गडद रंगावर पाण्याचे आणि साबणाचे पांढरे डाग लगेच दिसतात, शिवाय गडद रंगात रंगद्रव्य जास्त घातलेलं असतं आणि तो कडक व्हायला वेळ घेतो. पांढऱ्यावर केस दिसतात. मधल्या करड्या-हिरव्या छटा दोन्ही पोटात घालतात, आम्ही तीच घेतली.

हात पातळ द्यायचे. आधी मधल्या पॅनलच्या खाचा ब्रशने, मग पॅनल, मग चौकटीच्या आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, आणि सपाट भागावर बारीक फोमचा रोलर. कोपऱ्यात रंग साठलाय का हे थोड्या वेळाने परत येऊन बघायचं, ओघळ ओला असताना एका ब्रशच्या फटक्यात जातो, वाळल्यावर घासावा लागतो. दोन हातांमध्ये ३२० च्या पेपरने अगदी हलकं फिरवायचं आणि ओलसर फडक्याने पुसायचं. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात कधीही भारी.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड. रंग तासा-दोन तासांत हाताला कोरडा लागतो, डब्यावर लिहिलेल्या वेळेत दुसरा हात देता येतो, पण वाळणं आणि पक्कं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या रंगातलं पाणी आधी उडतं, मग रंगातले बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो, आणि पूर्ण कडकपणा यायला साधारण ३० दिवस लागू शकतात. या काळात रंग दिसतो तयार पण आत मऊ असतो. दार चौकटीवर दाबून बंद राहिलं तर दोन्हीकडचा रंग एकमेकाला चिकटतो आणि उघडताना एकाचा पापुद्रा दुसऱ्यावर जातो. बाथरूम सतत वाफाळलेलं असेल तर वेळ आणखी लांबतो. शक्य असेल तर दारं दुसऱ्या खोलीत रंगवा आणि तिथेच आठवडाभर राहू द्या, कपाट उघडंच वापरा, काही बिघडत नाही. लावल्यावर पहिले काही आठवडे दारं किंचित उघडी ठेवा, नंतर आतल्या कोपऱ्यांना छोटे पारदर्शक बंपर (मऊ ठिपके) चिकटवा म्हणजे रंगाला रंग टेकणारच नाही. या महिन्यात पुसायचं तर नुसत्या ओल्या फडक्याने, क्लीनर नको. घरातल्या सगळ्यांना हे समजावून सांगावं लागतं, कारण ओला हात सवयीने जातोच.

दारं परत लावली की एखादं वर, एखादं खाली, मध्ये तिरकी फट, असं दिसणारच, घाबरू नका. आतल्या बाजूच्या बिजागरीला, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या वाटीवाल्या बिजागरीला, तीन दिशांना सरकवायची सोय असते: एक स्क्रू दार डावी-उजवीकडे नेतो, एक पुढे-मागे, एक वर-खाली. पाव फेरा फिरवायचा, दार बंद करून बघायचं, परत पाव फेरा. जुन्या बिजागऱ्या गंजल्या असतील तर याच वेळी हळू बंद होणाऱ्या घ्या, वाटीचं माप तेच असलं आणि दार चौकटीवर किती चढतं हे जुळलं तर त्याच भोकात बसतात. गुडघ्याने ढकललेलं दार आदळत नाही, रंगाच्या कडाही वाचतात.

शेवटी जे दिसत नाही ते रंगवा. दारांच्या खालच्या कडा, पाइपच्या भोकाच्या उघड्या कडा, तळाच्या फळीचा मागचा भाग, सगळीकडे अस्तर आणि रंगाचा एक हात. नळाच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर आधी गळती थांबवा. बेसिन आणि कपाट यांच्यातल्या फटीत सिलिकॉन भरायचं ते सगळा रंग झाल्यावरच, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, वरच्या हवेने त्यावर साय धरते. छोट्या काचेच्या बरणीत तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, बाहेर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. त्याच बरणीला एक जास्तीचं हँडल आणि दोन स्क्रू रबर लावून बांधून ठेवा, कारण दोन-तीन वर्षांनी तेच डिझाइन दुकानात मिळेल याची काही खात्री नसते.